रडारच्या धोक्याचा वर्गातला सराव : कोकण किनाऱ्याच्या नकाशावर, एकही लहर न सोडता

विमानातल्या माणसांना शत्रूचं रडार डोळ्यांनी दिसत नाही. कानात एक आवाज येतो, समोरच्या गोल पडद्यावर एक खूण उमटते आणि ती खूण साधारण कुठल्या दिशेला आहे एवढं कळतं. अंतर कळत नाही, फक्त लहरींच्या जोरावरून अंदाज बांधावा लागतो. आरडब्ल्यूआर, म्हणजे रडारची चाहूल देणारा रिसीव्हर, एवढंच सांगतो. इलेक्ट्रॉनिक युद्धाचं शिक्षण म्हणजे या अपुऱ्या माहितीवर काही सेकंदांत निर्णय घेण्याची सवय. म्हणून सराव उभा करताना जपायचं ते हे अपुरेपण. क्षेपणास्त्र किती भयंकर आहे हे दाखवणं त्यामानाने सोपं असतं.

हवाई दलं यासाठी मोठा खर्च करतात. इंग्लंडमध्ये स्पेडअ‍ॅडम इथे आणि जर्मनी-फ्रान्स सीमेवर पॉलिगोन इथे जमिनीवरचे प्रक्षेपक शत्रूच्या रडारसारख्या लहरी सोडतात आणि वरून विमानं जातात. दुसरी पद्धत स्वस्त पडते: आरडब्ल्यूआरच्या संगणकातच खोटा धोका घुसवायचा, हवेत काहीच सोडायचं नाही. या सगळ्यामागचा हिशेब जुना आहे. पहिल्या दहाएक लढाऊ उड्डाणांतून वाचलेला वैमानिक पुढेही वाचण्याची शक्यता बरीच वाढते, असं अमेरिकनांना व्हिएतनामच्या अनुभवातून दिसलं. ती पहिली दहा उड्डाणं घरीच करवून घ्यावीत म्हणून १९७५ साली अमेरिकेतल्या नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ हा सराव सुरू झाला. भारतीय हवाई दलही २००८ मध्ये तिथे जाऊन आलं.

खाली दिलेला सराव एनसीसीच्या एअर आणि नेव्हल विंगचे कॅडेट आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या वर्गात तो अर्ध्या दिवसात होतो. एका टेबलाला पाच जण लागतात: पायलट, ईडब्ल्यू (इलेक्ट्रॉनिक युद्ध) ऑपरेटर, रडारवाला, आवाज सोडणारा आणि पंच.

आधी दोन बंधनं

हवेत काहीही प्रक्षेपित करायचं नाही. भारतात खासगी व्यक्तीला जॅमर, म्हणजे दुसऱ्याच्या लहरी गोंगाटाने बुजवणारं यंत्र, विकत घेणं, बाळगणं आणि वापरणं बेकायदा आहे, आणि ‘फक्त वर्गापुरता’ सोडलेला सिग्नलही भिंतीत अडत नाही. किनाऱ्यावर जीपीएसवर चालणाऱ्या होड्या असतात, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं असतात. इथे सगळं काम आवाज आणि दिव्यांवर होतं, आणि शिकण्यात त्याने काही कमी पडत नाही.

दुसरं बंधन: नकाशावर खऱ्या रडारची, नौदलाची किंवा तटरक्षक दलाची जागा घ्यायची नाही. कुठलाही मोकळा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, निवडा आणि तिथे कल्पनेतलं रडार ठेवा. भूगोल खरा असला की पुरे.

नकाशा आणि रडारची नजर

१:५,००,००० प्रमाणाचा नकाशा ए-२ कागदावर छापा. १ सेंटीमीटर म्हणजे ५ किलोमीटर. रत्नागिरी ते वेंगुर्ला सुमारे २५ सेंटीमीटरमध्ये बसतं आणि पश्चिमेला समुद्र, पूर्वेला घाटमाथा यांनाही जागा उरते. विमानाचा वेग सेकंदाला २५० मीटर धरा, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. मग दर २० सेकंदांनी सोंगटी १ सेंटीमीटर पुढे सरकते, मनात हिशेब करावा लागत नाही.

रडारला किती दूरचं दिसतं हे क्षितिज ठरवतं. सूत्र असं: अंतर किलोमीटरमध्ये = ४.१२ × (√रडारची उंची + √विमानाची उंची), दोन्ही उंची मीटरमध्ये. सडा ९० मीटर आणि वर १० मीटरचा खांब धरला तर रडार १०० मीटरवर. ३००० मीटरवरचं विमान त्याला २६७ किलोमीटरवरून दिसेल, ३०० मीटरवरचं ११३ वरून आणि ६० मीटरवरून लाटांना लगटून येणारं ७३ किलोमीटरवरून. त्या शेवटच्या विमानाला रडारपर्यंत पोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हे तीन आकडे फळ्यावर लिहून ठेवा.

जमिनीच्या बाजूला सूत्र पुरत नाही, कारण मध्ये सह्याद्री आहे. तिथे क्यूजीआयएस हा फुकट प्रोग्रॅम आणि त्यातलं ‘व्हिजिबिलिटी अ‍ॅनालिसिस’ प्लगइन वापरा. उंचीसाठी एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, डेटा चालतो. रत्नागिरीच्या खालपासून मालवणपर्यंतचा पट्टा एन१६ई०७३ या एकाच तुकड्यात येतो. डेटा यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ३२६४३ या प्रक्षेपणात बदलून घ्या, नाहीतर अंतरं अंशांत मोजली जातील आणि निकाल निरर्थक येईल. ३० मीटरचा डेटा ११३ किलोमीटरच्या वर्तुळाला जड जातो. ९० मीटरवर आणलात तर साधा लॅपटॉपही भागवतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. प्लगइनमध्ये वातावरणीय वक्रीभवनाचा आकडा ०.१३ असतो; तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे. रडारच्या लहरी जास्त वाकतात, म्हणून तिथे ०.२५ भरा आणि पृथ्वीच्या वक्रतेची खूण चालू ठेवा. दुसरी चूक लक्ष्याच्या उंचीची. प्लगइन ती खालच्या जमिनीपासून मोजतं. समुद्रावर काही फरक पडत नाही, पण घाटावर ‘३०० मीटर’ म्हणजे डोंगराला धरून ३०० मीटर होतं. तिसरी चूक म्हणजे रडार सड्याच्या मधोमध ठेवणं. खांब कड्यापासून ३०० मीटर आत असेल तर सड्याची कडच नजर अडवते आणि रडारपासून सुमारे ३ किलोमीटरपर्यंतचा समुद्राचा पृष्ठभाग दिसत नाही. कोकणातले सडे सपाट आणि कडे सरळ तुटलेले, त्यामुळे ही आंधळी पट्टी इथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघते. विद्यार्थ्यांना ती स्वतः शोधू द्या.

घाटाचा आडोसा हाताने मोजूनही पाहावा. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरवर ७०० मीटरचा माथा धरला, तर त्याच्याही ३० किलोमीटर मागे, कोल्हापूरच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरच्या खालचं विमान या रडारला दिसत नाही. तिथली जमीनच साडेपाचशेच्या आसपास आहे, म्हणजे लपायला साडेसहाशे मीटरची जागा मिळते. माथा ओलांडून विमान तळकोकणाकडे उतरू लागलं की हा आडोसा संपतो, आणि पुढे खाड्यांच्या दोन्ही अंगांच्या सड्यांमागे तुकड्यातुकड्याने मिळतो.

आवाज तयार करणं

जुन्या आरडब्ल्यूआरमध्ये रडारचे स्पंद थेट कानात सोडत. एका सेकंदातल्या स्पंदांची संख्या, म्हणजे पीआरएफ, बहुधा काहीशे ते काही हजार असते आणि ती माणसाच्या श्रवणात बसते. म्हणून सरावासाठी ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम पुरतो.

खालचा सूर दूरच्या शोधाचा आणि वरचा सूर मागाचा, म्हणजे एकाच लक्ष्यावर रोखून राहण्याचा, असं बहुधा का असतं, ते आधी समजावा. पुढचा स्पंद निघण्याआधी मागच्याचा प्रतिध्वनी परत यायला हवा. सेकंदाला ३०० स्पंद असले तर ५०० किलोमीटरपर्यंतचं अंतर गोंधळाविना मोजता येतं, २००० असले तर ७५ पर्यंतच. दूर पाहणाऱ्याला सावकाश ठोके द्यावे लागतात. हे कळलं की आवाज पाठ करावे लागत नाहीत.

चार फाइली करा. पहिली, दूरशोध रडार: ‘जनरेट’मधून ‘टोन’, स्क्वेअर लहर, ३०० हर्ट्झ, ०.०८३ सेकंद, त्यापुढे ‘सायलेन्स’ ९.९१७ सेकंद, दोन्ही निवडून ‘रिपीट’ तीस वेळा. ०.०८३ कुठून आला? ३ अंशांचा झोत १० सेकंदांत पूर्ण फेरी मारतो, त्यातला ३६० पैकी ३ अंशांचा वाटा विमानावर पडतो. तुकड्याच्या सुरुवातीला ‘फेड इन’ आणि शेवटी ‘फेड आउट’ द्या, कारण झोत एकदम आदळत नाही, चढतो आणि उतरतो. दुसरी, लक्ष्य पकडणारं रडार: ६०० हर्ट्झ, ०.०२८ सेकंद, दर ५ सेकंदांनी. तिसरी, माग धरणारं रडार: २००० हर्ट्झ, सलग, त्यावर ‘ट्रेमोलो’ ३० हर्ट्झ आणि ४० टक्के. हा थरथराट लक्ष्याभोवती गोल फिरणाऱ्या झोताचा आहे.

चौथी फाइल कोकणासाठी सगळ्यात महत्त्वाची: व्यापारी जहाजांचं दिशादर्शक रडार. १००० हर्ट्झ, ०.००८ सेकंद, दर २.५ सेकंदांनी. ऐकायला नुसतं ‘टिक’. मुंबई आणि न्हावा-शेव्याकडे जाणारी जहाजं आणि रडार बसवलेले मोठे ट्रॉलर बहुतेक ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि विमानांची व क्षेपणास्त्रांची काही रडारंही त्याच पट्ट्यात असतात. या समुद्रावर आरडब्ल्यूआर निवांत राहतच नाही. ही फाइल चार वेगवेगळ्या ट्रॅकवर, थोड्या थोड्या फरकाने सुरू करून, सरावभर मागे चालू ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळातला प्रसंग खेळत असाल तर दोन ट्रॅक बंद करा.

क्षेपणास्त्र सुटल्याची सूचना मात्र विमानातलं यंत्र स्वतः वाजवतं. त्यासाठी १००० आणि १५०० हर्ट्झ पाव-पाव सेकंदाने आलटून पालटून ठेवा.

घड्याळाची तबकडी

विमानाचं नाक १२ वाजता धरून बारा दिशा. आर्डुइनो उनोच्या २ ते १३ या बारा पिना बारा तासांना बरोबर पुरतात. ० आणि १ लॅपटॉपशी बोलायला मोकळ्या राहतात. प्रत्येक लाल एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर लावा, १४ मिलिअँपिअरच्या आत प्रवाह राहतो. एका वेळी तीनपेक्षा जास्त दिवे लावायचे नाहीत. किनाऱ्यावर खारी हवा असते. ब्रेडबोर्डच्या धातूच्या पट्ट्या एका पावसाळ्यात काळ्या पडतात आणि दिवा कधी लागतो, कधी नाही. जोड सोल्डर करा आणि तबकडी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. हे जमणार नसेल तर पुठ्ठ्याची तबकडी आणि चुंबकाची सोंगटीही चालते.

दिशा बरोबर दाखवायची नाही. विमानाच्या चार कोपऱ्यांतल्या अँटेनांवरचा जोर ताडून दिशा काढणाऱ्या आरडब्ल्यूआरमध्ये १० ते १५ अंशांची चूक सामान्य असते. पंचाने प्रत्येक नव्या धोक्यासाठी एकदा फासा टाकावा: १ आला तर खूण एक तास डावीकडे, ६ आला तर एक तास उजवीकडे, बाकी खरी जागा. ती चूक त्या धोक्यापुरती कायम राहते. विद्यार्थ्यांना फासा दिसता कामा नये.

हाळी आणि घड्याळ

बोलणं तुटक हवं. जमिनीवरच्या रडारला ‘मड’, क्षेपणास्त्र सुटलं तर ‘सिंगर’, जॅमिंग चालू तर ‘म्युझिक ऑन’; हे शब्द नाटो देशांच्या हवाई दलांत रुळलेले आहेत. क्रम असा: काय, कुठे, काय करायचं. “मड, तीन वाजता, उजवीकडे वळ.” ऑपरेटर पायलटला आदेश देतो तेव्हा वयाचा, हुद्द्याचा मान बाजूला राहतो. “सर, मला वाटतं की...” असं सुरू झालेलं वाक्य पूर्ण होईतो विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. कनिष्ठ कॅडेटला मुद्दाम ऑपरेटर करा आणि वरिष्ठाला पायलट.

आरडब्ल्यूआरला रडारच्या आधी कळतं, हा विमानाचा एकमेव फायदा. लहर विमानापर्यंत एकदाच येते; रडारला मात्र ती परत गेल्यावरच काही दिसतं, आणि तोपर्यंत ती फार क्षीण झालेली असते. म्हणून क्षितिजात येताच विमानाला पहिली फाइल ऐकवा, आणि रडारवाल्याला एक फेरी उशिरा, १० सेकंदांनी, सांगा. पुढचे नियम खेळापुरते ठरवलेले: ४० किलोमीटरच्या आत दोन फेऱ्यांनी माग, २० च्या आत क्षेपणास्त्र, त्याचा सरासरी वेग सेकंदाला ९०० मीटर.

म्हणजे क्षेपणास्त्र येईपर्यंत २२ सेकंद. त्यातले किती खर्च झालेले आहेत? २५० मीटर वेगाचं विमान ४ जी, म्हणजे गुरुत्वाच्या चौपट जोर, ओढून वळलं तर सेकंदाला ८.७ अंश फिरतं. ९० अंशांना १० सेकंद जातात. ऐकणं, ओळखणं, सांगणं, ठरवणं याला १२ सेकंद उरतात, आणि वळल्यावर काही घडायलाही वेळ लागतो. आवाज ते हाळी हे अंतर ३ सेकंदांच्या आत हवं, हा निकष इथून येतो.

आडवं वळणं

सरावाचा सगळ्यात मोलाचा भाग हा. डॉप्लरवर चालणारं रडार त्याच्याकडे येणाऱ्या किंवा दूर जाणाऱ्या वस्तूचा वेग पाहतं आणि स्थिर वाटणारं सगळं गाळून टाकतं, कारण जमीन आणि लाटा तशाच दिसतात. विमान रडारला काटकोनात उडालं की त्याचा तो वेग शून्याजवळ येतो आणि गाळणीत तेही जातं. गाळणी सेकंदाला ३० मीटरच्या खालचं टाकते असं धरलं, तर २५० मीटर वेगाच्या विमानाला काटकोनाच्या दोन्ही बाजूंना ७ अंशांत राहावं लागतं. आणि आरडब्ल्यूआरची चूकच १० ते १५ अंशांची! सूत्र माहीत असूनही पहिल्या वेळी बहुतेकांना हे साधत नाही, ते इथे.

उपाय असा शिकवा. खूण ३ किंवा ९ वर येईपर्यंत वळा. मग थोडं पुढे-मागे वळून खूण शेजारच्या तासावर कधी उडी मारते त्या दोन कडा शोधा आणि मध्ये स्थिर व्हा. पंचाने नकाशावर कोनमापक लावून खरा कोन पाहावा. ७ अंशांच्या आत असेल तर ३ सेकंदांनी माग तोडावा. ६ सेकंदांत थरथराट थांबला नाही तर फाशाने दिशा खोटी दाखवलेली असणार. तेव्हा एक तास सरकायचं, आणि नेहमी रडारपासून दूर नेणाऱ्या बाजूला. अंदाज चुकला तरी अंतर वाढतं.

याच टेबलावर टेहळणीच्या डॉर्नियरसारखं सेकंदाला १०० मीटरने जाणारं विमान घेऊन पाहा. तिथे सूट १७ अंशांवर जाते. संथ विमानाला लपणं कोनाच्या हिशेबाने सोपं जातं, हे विद्यार्थ्यांना आधी पटत नाही. मात्र दूर पळून जाणं त्याला जमत नाही.

चॅफ आणि जॅमिंगची पत्ती

चॅफ म्हणजे रडारला फसवायला विमानातून सोडलेले धातूचा मुलामा दिलेले बारीक धागे. ते रडारच्या लहरीच्या अर्ध्या लांबीचे कापतात: १० गिगाहर्ट्झला दीड सेंटीमीटर, ३ गिगाहर्ट्झला ५. आपल्याकडचं नवं चॅफ डीआरडीओच्या जोधपूरच्या प्रयोगशाळेने पुण्याच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेसोबत तयार केलं आणि २०२१ मध्ये जाहीर झालं. विमानातून सुटताच चॅफ हवेत थांबतं, म्हणून डॉप्लर रडार त्यालाही गाळतं. विमान आडवं असतानाच दोघे सारखे दिसतात. नियम: चॅफसाठी तीस पत्ते, एका वेळी दोन, आणि ते ७ अंशांच्या आत टाकले तरच मोजायचे. ‘सिंगर’ ऐकताच घाबरून दहा पत्ते टाकणारा ऑपरेटर प्रत्येक तुकडीत निघतो. उरलेले पत्ते म्हणूनच गुणांत धरा.

जॅमिंग जवळ गेल्यावर कमी पडतं. रडारचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो आणि जॅमर वर्गाने, त्यामुळे एका अंतरावर रडार जॅमिंग भेदून पाहू लागतं. १०० किलोवॅट आणि ३५ डेसिबल लाभाच्या अँटेनाचं रडार, ५ चौरस मीटरचं विमान, २०० वॅट प्रभावी ताकदीचा जॅमर घ्या. जॅमिंग दहापट वरचढ हवं असेल तर ते अडीच किलोमीटरपर्यंत टिकतं. पण नेमकी फ्रिक्वेन्सी ठाऊक नसल्यामुळे तीच ताकद दहापट रुंद पट्ट्यात पसरली तर ८ किलोमीटरवरच ते संपतं. खेळात ८ हाच आकडा ठेवा.

कुठे बिघडतं

रडारवाला सतत प्रक्षेपण चालू ठेवतो, तिथे सराव खोटा होतो. खरा शत्रू रडार बंद करतो, थांबतो आणि दुसऱ्या दिशेने दुसरं उघडतो. प्रत्येक डावात किमान एकदा ३० सेकंद पूर्ण शांतता ठेवा. त्या शांततेत निर्धास्त होऊन सरळ उडणारा पायलट नोंदवून ठेवा.

फाइलींचा क्रम तोच राहिला तर विद्यार्थी आवाज न ऐकता क्रम पाठ करतात. पंचाने दर डावाला पत्ते पिसून क्रम काढावा. चौथ्या फाइलीवर ‘मड’ ओरडणं जितकं चूक, तितकंच सवयीने टिकटिकीकडे दुर्लक्ष करताना खरा ६०० हर्ट्झचा आवाज निसटणं. दोन्ही वेगळ्या रकान्यांत मोजा, कारण उपाय वेगळे आहेत: पहिल्याला फाइली सुट्या ऐकवायच्या, दुसऱ्याला हेडफोनचा आवाज कमी करून एकेक ट्रॅक वाढवायचा.

उजळणीला डावाइतकाच वेळ द्या. पंचाच्या मोबाइलवर अख्ख्या टेबलाचं ध्वनिमुद्रण असू द्या आणि ते ऑडॅसिटीतच उघडा. हाळी आणि आवाज यांतलं अंतर दशांश सेकंदांत समोर दिसतं. निकाल लिहिण्याआधी ऑपरेटरला विचारा, त्या क्षणी तुला काय माहीत होतं? नकाशावर नंतर दिसलेलं उत्तर इथे धरायचं नाही. अपुऱ्या माहितीवर बरोबर निर्णय घेऊन विमान पडलं असेल तर पूर्ण गुण द्या, आणि नशिबाने वाचलेल्याला देऊ नका.

तीन-चार डाव सुरळीत झाले की उन्हाळ्याचा डाव लावा. मार्च ते मे अरबी समुद्रावर कोरडी गरम हवा दमट थराच्या वर पसरते आणि रडारच्या लहरी त्या थरात अडकून क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांहून दूरचा अरबस्तानचा किनारा उमटे, आणि पावसाळा लागला की तो नाहीसा होई. या डावात ६० मीटरवरच्या विमानाला ७३ ऐवजी १५० किलोमीटरवरच पहिली फाइल ऐकवा, विद्यार्थ्यांना आधी न सांगता. फळ्यावरचा आकडा आणि कानातला आवाज जुळत नाही, तेव्हा ऑपरेटर कशावर विश्वास ठेवतो हे पंचाने लिहून घ्यावं.